कुलवृत्तांतात न मावलेले पूर्वज

वर्गात एक साधा प्रयोग करून पाहा. प्रत्येक विद्यार्थ्याला कोऱ्या कागदावर पंधरा चौकोन काढायला सांगा. तळाशी एक चौकोन स्वतःचा, त्यावर दोन आईवडिलांचे, त्यावर चार आजी-आजोबांचे आणि सर्वांत वर आठ चौकोन पणजोबा-पणज्यांचे. प्रत्येक जोडीत पुरुष डावीकडे व स्त्री उजवीकडे असावी. नावे घरी विचारून भरायला दोन दिवस द्या. कागद परत आले की सर्वांत वरच्या ओळीची दोन टोके तेवढी पाहा. डावे टोक म्हणजे वडिलांच्या वडिलांचे वडील. हा चौकोन बहुतेकांचा भरलेला असेल. उजवे टोक म्हणजे आईच्या आईची आई. तो बहुतेकांचा कोरा राहिलेला आढळेल, किंवा त्यात नुसते ‘पणजी’ असे लिहिलेले असेल.

यात विद्यार्थ्यांचा आळस नाही. आपले नाव लिहिण्याची पद्धतच अशी आहे की डाव्या टोकाची ओळ आपोआप जपली जाते. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे आपण लिहितो. वडील त्यांच्या नावापुढे आजोबांचे नाव लिहितात. सातबारा, शाळेचा दाखला, रेशनकार्ड अशी कोणतीही दोन पिढ्यांची कागदपत्रे शेजारी ठेवली की साखळी जुळते. स्त्रीच्या बाबतीत लग्नाबरोबर मधले नाव बदलते, आडनाव बदलते आणि अनेक घरांत स्वतःचे नावही बदलत असे. माहेरची सुमती सासरी जानकी झाली की कागदावर त्या दोन वेगळ्या व्यक्ती ठरतात. त्या दोघी एकच आहेत हे सांगणारी माणसे हयात असेपर्यंतच दुवा टिकतो.

घराण्याचा इतिहास शोधण्याची हौस महाराष्ट्रात जुनी आहे आणि तिचे फळ म्हणजे आपल्याकडचे ‘कुलवृत्तांत’. हे काम हौसेचे असले तरी त्यात पुराव्याचे एक शास्त्र दडलेले आहे, आणि आनुवंशिकता शिकवणाऱ्या शिक्षकाला त्याचा चांगला उपयोग होतो. त्याचबरोबर कुलवृत्तांत जे सांगत नाही तेही पाहावे लागते. ते नुसते राहून गेलेले नाही. कधी कधी त्यावर एखाद्या मुलाचे आरोग्य अवलंबून असते.

पूर्वजांची मोजणी

आधी थोडे गणित. आपल्याला दोन पालक, चार आजी-आजोबा, आठ पणजोबा-पणज्या. प्रत्येक पिढीला संख्या दुप्पट होते. दहा पिढ्या मागे गेल्यास त्या एकाच पिढीत १,०२४ पूर्वज होतात, आणि पहिल्यापासून दहाव्या पिढीपर्यंतची बेरीज २,०४६ होते. दिवाणखान्यातल्या चौकटीतला दहा पिढ्यांचा वंशवृक्ष कितीही डेरेदार असला तरी त्यात तुमचे प्रत्यक्ष पूर्वज असतात दहा, पत्नींची नावे दिली असल्यास वीस. बाकीच्या फांद्या चुलत घराण्यांच्या. त्या आपल्या नातलगांच्या असतात, पूर्वजांच्या नव्हेत. २,०४६ पैकी वीस!

आणखी मागे जाऊ. वीस पिढ्यांमागे १०,४८,५७६ आणि तीस पिढ्यांमागे १,०७,३७,४१,८२४, म्हणजे एकशे सात कोटींवर. पिढी पंचवीस वर्षांची धरली तर तीस पिढ्या म्हणजे साडेसातशे वर्षे, म्हणजे आपण ज्ञानेश्वरांच्या काळात पोहोचतो. त्या वेळी साऱ्या जगाची लोकसंख्याच चाळीस कोटींच्या आसपास असावी असा अंदाज आहे. मग एका माणसाला एकशे सात कोटी पूर्वज कोठून मिळणार?

उत्तर असे की चौकोन एकशे सात कोटी असले तरी माणसे तेवढी नसतात. एकच व्यक्ती अनेक चौकोनांत पुन्हा पुन्हा येते. मामेबहिणीशी किंवा आतेबहिणीशी लग्न झाल्यास त्या जोडप्याच्या मुलांना पणजोबा-पणज्या आठ नसून सहाच असतात, कारण दोन चौकोनांत तीच दोन माणसे येतात. मामा-भाचीच्या लग्नात तर आणखी गंमत होते. त्यांच्या मुलाच्या वडिलांचे वडील हेच त्याच्या आईच्या आईचेही वडील असतात, म्हणजे एकच गृहस्थ आजोबाही होतात आणि पणजोबाही. हे विद्यार्थ्यांना फळ्यावर काढायला लावावे. पहिल्या प्रयत्नात क्वचितच कोणाला जमते.

इतकी जवळची लग्ने ज्या समाजांत होत नाहीत तेथेही शेकडो वर्षे जातीच्या, त्यातही पोटजातीच्या आत आणि चार तालुक्यांच्या परिसरातच सोयरिकी होत आल्या. त्यामुळे कोणतीही दोन घराणी पुरेशी मागे नेली तर त्यांच्या ओळी एकमेकींत मिसळतात. म्हणूनच हे संशोधन एकट्या घराण्याने करण्यासारखे नाही. तुमच्या खापरपणजीची माहिती तुमच्या घरात नसेल, पण ती दुसऱ्या कोणाच्या तरी घरात असू शकते.

कुलवृत्तांत कसा तयार होतो

विसाव्या शतकात कुलवृत्तांत छापण्याची प्रथा कोकणस्थ घराण्यांमध्ये विशेष रुजली आणि पुढे इतर समाजांतही पसरली. पद्धत साधारण ठरलेली असते. एका आडनावाची काही मंडळी एकत्र येतात, छापील प्रश्नपत्रके टपालाने गावोगाव पाठवतात, उत्तरे न आल्यास प्रत्यक्ष जाऊन बसतात. बहुधा एखादे निवृत्त शिक्षक किंवा कारकून हे ओझे दहा-पंधरा वर्षे वाहतात. मूळ गावावरून शाखा पाडायच्या, प्रत्येक पुरुषाला क्रमांक द्यायचा, त्याखाली जन्म, शिक्षण, व्यवसाय, पत्नीचे माहेर आणि मुले अशी माहिती द्यायची. काही वर्षांनी पुरवणी निघते, कुलसंमेलन भरते आणि चुकांची यादी तयार होते. आता प्रश्नपत्रके संगणकावरून जातात, पण काम तेच आहे.

जुन्या पिढ्यांसाठी साधने निराळी. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, गया, हरिद्वार येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या हे त्यातले मोठे साधन. यात्रेकरू आला की गाव, आडनाव, वडील, आजोबा, भाऊ, मुलगे अशी नोंद होते आणि अनेकदा तो स्वतःच्या हाताने लिहून सही करतो. पुराव्याच्या दृष्टीने याचे मोल फार आहे: माहिती असणाऱ्याने, त्याच वेळी, स्वतः लिहिलेली नोंद. अमेरिकेतील यूटा राज्यातल्या वंशावळी संस्थेने हरिद्वारच्या अशा वह्यांची सूक्ष्मपटावर छायाचित्रे घेऊन ठेवली आहेत.

दुसरे साधन सरकारी. इंग्रजी अमलात १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदारांना आपला हक्क वंशावळीनिशी सिद्ध करावा लागला. त्या काळच्या वंशावळी उपयोगी आहेत. मात्र वाचताना एक गोष्ट विसरू नये. ज्या कागदावर जमीन टिकणार की जाणार हे ठरते, तो कागद लिहिणाऱ्याला वंश अखंड दाखवण्याचा मोह होऊ शकतो. साधन किती जुने आहे याइतकेच ते कशासाठी लिहिले गेले हेही विचारावे.

येथे एक विषमता उघड दिसते. वतन, इनाम, जमीन किंवा लेखणी ज्यांच्याकडे होती त्यांच्याच पिढ्या कागदावर उतरल्या. बाकीच्यांची वंशावळ तोंडी राहिली. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी लोक दरसाल गावोगाव फिरून आपल्या यजमान घराण्यांच्या पिढ्या वाचून दाखवतात आणि वर्षात झालेली भर वहीत लिहून घेतात. ही परंपरा इतिहासकारांनी जितकी गांभीर्याने घ्यायला हवी होती तितकी घेतली नाही, असे मला वाटते. भूमिहीनांच्या घरात तर गावचे कोतवाल बुक आणि शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर यांखेरीज बहुधा काहीच नसते. आणि जातपडताळणीच्या वेळी वंशावळीचा पुरावा त्यांनाही द्यावाच लागतो.

नोंद खरी कशावरून

मोडी कागदावरचे साल वाचता आले तरी ते आजच्या सनात आणावे लागते. शालिवाहन शकात सामान्यतः ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. पण शकाचे वर्ष गुढीपाडव्याला सुरू होते, म्हणून जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तिथींसाठी ७९ मिळवावे लागतात. शिवाजी महाराजांच्या जन्माची आज शासनमान्य असलेली तिथी फाल्गुन वद्य ३, शके १५५१ ही आहे. ७८ मिळवले तर १६२९ येते. फाल्गुन असल्याने ७९ मिळवायचे, म्हणून १९ फेब्रुवारी १६३०. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. हे वर्ष मृगाला सुरू होते. तेव्हापासून डिसेंबरअखेर ५९९ व जानेवारीपासून पुढे ६०० मिळवायचे. जानेवारीतल्या दिवसासाठी ६०० मिळवून पाहा: १७६१, पानिपतचे साल. एका मिळवणीची चूक झाली तर मुलगा बापाच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी जन्मल्याचे दिसू शकते.

दुसरी अडचण नावांची. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या चालीमुळे एकाआड एक पिढीत तेच नाव येते. बाळाजी विश्वनाथांचे पुत्र बाजीराव आणि बाजीरावांचे पुत्र पुन्हा बाळाजी, म्हणजे नानासाहेब पेशवे. छत्रपती शाहूंचे जन्मनावही शिवाजी हेच होते. सामान्य घराण्यात ‘बाळाजी’ एवढेच लिहिलेला कागद सापडला तर तो आजोबांचा की नातवाचा? अशा वेळी पिढीच्या अंतराची कसोटी लावतात. शिवाजी महाराज १६३०, संभाजी महाराज १६५७, शाहू १६८२: अंतरे २७ व २५ वर्षे. बाजीराव १७००, नानासाहेब १७२०, माधवराव १७४५: अंतरे २० व २५. म्हणजे पितृवंशात वीस ते पस्तीस वर्षांचे अंतर साहजिक मानावे. एखाद्या वंशावळीत दोनशे वर्षांत चारच पिढ्या असतील तर मधल्या एका बाळाजीने दोन पिढ्या गिळल्या असण्याचा संभव आहे. दोनशे वर्षांत पंधरा असतील तर भावांना बाप-लेक समजून एकाखाली एक लिहिले गेले असावे.

पण सर्वांत चांगली कसोटी दुसऱ्या घराण्याकडून मिळते. प्रत्येक लग्नाची नोंद दोन कुलवृत्तांतांत होते: मुलाच्या घराण्यात ‘पत्नीचे माहेर’ म्हणून आणि मुलीच्या घराण्यात ‘जावई’ म्हणून. हिशेबाच्या वहीत जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू जुळाव्या लागतात तसेच हे आहे. दोन घराण्यांच्या संपादकांनी एकमेकांचे न पाहता माहिती गोळा केली असेल आणि ती जुळली, तर नोंद खरी असल्याची खात्री फार वाढते. जुळली नाही, तर कुठे शोधायचे ते तरी कळते. दोन्ही ग्रंथ समोर ठेवून अशी पडताळणी करण्याचा उद्योग मात्र फारच थोडी मंडळे करतात. प्रत्येक घराणे आपापले पुस्तक प्रकाशित करते आणि कपाटात ठेवते.

दोन कपाटे आणि एक मुलगा

कुलवृत्तांत मुलींना अगदीच वगळतात असे नाही. मुलीचे नाव असते, सासरचे नाव असते, जावयाचे नाव-गाव असते. तेथे ओळ संपते. तिची मुले दुसऱ्या पुस्तकात, तिच्या मुलींची मुले तिसऱ्या पुस्तकात. आडनावाचा इतिहास लिहायचा असेल तर हे ठीकच आहे. पण निसर्ग आडनाव पाहून गुणधर्म वाटत नाही.

समजा, एक मुलगा रांगू लागल्यापासून त्याचा गुडघा वारंवार सुजतो, साधे खरचटले तरी रक्त लवकर थांबत नाही. डॉक्टर विचारतात, “आईच्या माहेरी कोणाला असे होते का?” घरातले लोक वडिलांकडचा जाडजूड कुलवृत्तांत काढतात. त्यात नऊ पिढ्यांचे पुरुष धडधाकट. आईच्या माहेरच्या पुस्तकात मात्र तिच्या भावापुढे दोनच शब्द आहेत: ‘बालपणी वारला’. दात पडल्यावर रक्त थांबेना म्हणून तो गेला, हे फक्त आजीला माहीत आहे.

हा रोग हिमोफिलिया. रक्त गोठवणारे एक प्रथिन बनवण्याची सूचना ज्या जनुकात असते तो जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. पुरुषाला एकच एक्स असल्याने जनुक सदोष असेल तर रोग दिसतो. स्त्रीला दोन असल्याने दुसरा सहसा सांभाळून घेतो. ती बहुधा निरोगी दिसते, पण वाहक असते. वाहक स्त्रीच्या प्रत्येक मुलाला रोग होण्याची शक्यता १/२ आणि प्रत्येक मुलगी वाहक होण्याची शक्यताही १/२. पित्याकडून मुलाला वाय गुणसूत्र मिळते, एक्स नव्हे, म्हणून रोगी पित्याचा रोग मुलाला जात नाही. त्याच्या सर्व मुली मात्र वाहक असतात. सुमारे एकतृतीयांश रुग्णांत दोष नव्याने उद्भवलेला असतो आणि घराण्यात मागे काही सापडत नाही. पण वरच्या उदाहरणात मामाही गेला आणि भाच्यालाही रोग आहे, तेव्हा आजी वाहक होती असेच म्हणावे लागेल.

आता पुढचा प्रश्न: सावध कोणाला करायचे? वडिलांकडच्या चुलत बहिणी, ज्यांची नावे कुलवृत्तांतात ओळीने आहेत, त्यांना या रोगाचा विशेष धोका नाही. मावशी वाहक असण्याची शक्यता १/२ आणि मावसबहिणीची १/४. या मावसबहिणी दोन्ही कपाटांतल्या कोणत्याही पुस्तकात नाहीत! कोणी कोल्हापूरला, कोणी नागपूरला, कोणी परदेशी. आज वाहक आहे की नाही हे रक्ताच्या तपासणीने कळू शकते आणि गोठण घटक टोचून रोग्याचे आयुष्य सुकर करता येते. पण त्यासाठी बाळंतपणापूर्वी निरोप पोहोचायला हवा, आणि निरोप पोहोचवायला यादी हवी.

पाठ्यपुस्तकांत हिमोफिलियाचे उदाहरण म्हणून इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचा वंशवृक्ष असतो. तिचा मुलगा लिओपोल्ड रोगी होता. अॅलिस आणि बिअॅट्रिस या मुली वाहक होत्या. अॅलिसची मुलगी रशियाची सम्राज्ञी झाली आणि तिचा मुलगा अलेक्सी यालाही रोग झाला. हा वंशवृक्ष इतका पूर्ण का मिळतो? राजघराण्यांत मुलींची लग्ने म्हणजे राज्याराज्यांतले तह होते, म्हणून मुलीची मुलगी, तिचीही मुलगी कोणाच्या घरी गेली याची नोंद राहिली. सामान्य माणसाच्या मुलींना हे भाग्य लाभले नाही.

आईच्या ओळीने ओळखलेला राजा

मुलींची ओळ पुरावा म्हणून किती भक्कम ठरू शकते, याचे उत्तम उदाहरणही इंग्लंडच्याच राजघराण्यातले आहे. राजा तिसरा रिचर्ड २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थच्या लढाईत मारला गेला आणि लेस्टर गावातल्या मठात पुरला गेला. मठ पाडला गेला, कबर हरवली. २०१२ साली तेथील मोटारतळाखाली खणताना एक सांगाडा मिळाला. पाठीचा कणा वाकलेला, डोक्यावर जखमा. राजाच्या वर्णनाशी जुळत होते. पण हा तोच कशावरून?

रिचर्डचा थेट वंश उरलेला नाही. तेव्हा दोन वाटा होत्या. पहिली वाट वाय गुणसूत्राची, कारण ते बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते. सरदार घराण्यांच्या छापील वंशावळींतून रिचर्डचा खापरपणजोबा तिसरा एडवर्ड याच्यापासून अखंड पितृवंशाने आलेले पाच हयात पुरुष मिळाले. दुसरी वाट तंतुकणिकांतल्या डी.एन.ए.ची. पेशींतल्या या सूक्ष्म कणांचा स्वतःचा छोटा डी.एन.ए. असतो आणि तो फक्त आईकडून मिळतो. मुलग्यालाही मिळतो, पण तो पुढे देऊ शकत नाही. म्हणून रिचर्डची बहीण अॅन, तिची मुलगी, तिची मुलगी अशी अखंड स्त्रियांची ओळ शोधायची होती. प्रत्येक पिढीत आडनाव बदलणारी! जॉन अॅशडाउन-हिल या इतिहासकाराने उत्खननापूर्वीच मृत्युपत्रे व नोंदवह्या धुंडाळून अशी एक ओळ कॅनडातल्या एका कुटुंबापर्यंत आणली होती. त्यातला सतराव्या पिढीचा वारस लंडनमध्ये फर्निचर बनवण्याचे काम करीत होता. केविन शूरर यांनी हा दुवा तपासला आणि त्याच बहिणीपासून निघालेली दुसरी स्वतंत्र ओळही शोधली.

तुरी किंग आणि सहकाऱ्यांचे निष्कर्ष २०१४ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाले. आईच्या ओळीने आलेल्या एका वारसाचा तंतुकणिकीय डी.एन.ए. सांगाड्याशी तंतोतंत जुळला. दुसऱ्याच्यात एका अक्षराचा फरक होता, आणि इतक्या पिढ्यांत तो साहजिक आहे. शिवाय हा प्रकार युरोपात फार दुर्मीळ आहे, म्हणजे योगायोगाने जुळण्याची शक्यता अत्यल्प. आणि पितृवंश? पाच पुरुषांपैकी चौघे एकमेकांशी जुळले, पाचवा त्यांच्याशीही जुळला नाही, आणि सांगाड्याशी एकही जुळला नाही. रिचर्ड आणि त्या पुरुषांचा अठराव्या शतकातला समाईक पूर्वज यांच्यामध्ये एकोणीस पितापुत्र-दुवे आहेत. त्यांतला निदान एक कागदावरच खरा होता. ज्या वंशावळींवर सरदारक्या चालल्या त्या तुटक्या निघाल्या, आणि जी ओळ कोणी मुद्दाम लिहून ठेवली नव्हती ती पाचशे वर्षे शाबूत राहिली.

यावरून कोणी एकदम नाक मुरडू नये. कागदावरचा बाप आणि जन्मदाता वेगळे असण्याचे आपल्याकडचे सर्वांत सामान्य कारण अगदी उघड आणि सन्मानाचे आहे: दत्तक. कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. भोसल्यांच्या वंशावळीत त्यांचे स्थान निर्विवाद आहे. वाय गुणसूत्र मात्र घाटग्यांचे. वंशावळ नाते सांगते, आनुवंशिकता जनुकांचा प्रवास सांगते. दोन्ही प्रश्न वेगळे आणि दोन्ही उत्तरे खरी. दत्तकाची नोंद तुटक रेषेने करण्याचा प्रघात त्यासाठीच आहे.

आपल्या परंपरेत आईची बाजू विसरली गेली असे म्हणताना थोडे थांबावे. श्राद्धात वडील, आजोबा, पणजोबा यांच्याबरोबर मातामह, प्रमातामह, वृद्धप्रमातामह असे आईकडचे तीन पुरुषही सपत्नीक येतात. पण नीट पाहा. मातामही म्हणजे आईची आई. प्रमातामही ही आईच्या वडिलांची आई, आईच्या आईची आई नव्हे. तंतुकणिकांची ओळ येथेही दोन पायऱ्यांवर थांबते. प्रयोगातला उजव्या टोकाचा चौकोन असा चहूकडून कोरा राहिला आहे.

शाळेत करायचे असेल तर

आठवी ते दहावीच्या मुलांना हा प्रकल्प आवडतो. पुरुषासाठी चौकोन आणि स्त्रीसाठी वर्तुळ ही आनुवंशिकतेतली खूण वापरावी. दोन्ही बाजू सारख्या लिहाव्यात, माहेरचे नाव आणि सासरचे नाव एकाच वर्तुळाखाली द्यावे. मोठी झालेली भावंडे, आते-मामे-मावस सर्व, एकाच कागदावर काम करू शकली तर उत्तम. एकाला माहीत नसलेले दुसऱ्याला माहीत असते.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. प्रकल्प सक्तीचा नसावा. वर्गात कोणी अनाथाश्रमातून आलेले असते, कोणाचे आईवडील वेगळे राहतात, कोणाला आपण दत्तक आहोत हे माहीत नसते. त्यांनी शेजारच्या आजींचा किंवा इतिहासातल्या एखाद्या घराण्याचा वृक्ष काढला तरी शिकण्यात काही उणे पडत नाही. कागद भिंतीवर लावू नयेत, कारण आडनावांवरून जातींची चर्चा सुरू व्हायला वेळ लागत नाही. रोगांची माहिती घरच्या कागदावर राहावी, शाळेच्या नाही. हयात व्यक्तींच्या जन्मतारखा छापू नयेत. परदेशात हौसेने डी.एन.ए. तपासून तो समाईक संग्रहात ठेवण्याची चाल पडली आहे. २०१८ साली कॅलिफोर्नियात पोलिसांनी दूरच्या नातलगांच्या अशाच नमुन्यांवरून एका जुन्या खुन्याचा माग काढला. खुनी सापडला हे चांगलेच झाले, पण एकाने दिलेला नमुना न विचारलेल्या शेकडो नातलगांविषयीही काही सांगत असतो, हेही त्यातून दिसले.

खेड्यातल्या मुलांसाठी एक साधन सुचवतो. तलाठी कार्यालयातल्या फेरफार नोंदी आणि वारसांची नोंदवही, म्हणजे गाव नमुना सहा-क, अवश्य पाहाव्यात. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर जमीनधारक वारला की मुलांबरोबर विवाहित मुलींचीही नावे वारस म्हणून लागू लागली. पुढे हक्कसोडपत्राने ती कमी झाली असतील. पण एकदा लागली तेव्हा सासरच्या नावानिशी आणि गावानिशी लागली. घरच्या वंशवृक्षात नसलेली आत्या किंवा आजी तेथे सापडते.

आणि आजीशी बोलताना वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: तिने काय सांगितले, कोणत्या तारखेला सांगितले, आणि ते तिने स्वतः पाहिले होते की ऐकले होते. पुढच्या वर्षी तीच आजी आपल्या आईच्या लग्नाचे वेगळे साल सांगेल. पहिले खोडू नये, दोन्ही ठेवावीत.